दोन रांगा आणि मागचा नळ

ये गं मैत्रेयी, जवळ ये. समोर नाहीस म्हणून कागदावरूनच हाक मारते. बेंगळुरातल्या बेंगळुरात एचएसआर लेआउटपासून चामराजपेट म्हणजे काही काशी नव्हे. तरी गौरीला येऊन गेलीस ती गेलीसच. आणि आलीस तेव्हा तरी काय? एका हातात कोशिंबिरीची वाटी, दुसऱ्या हातात तो फोन. "अज्जी, स्वल्प थांब हं, सर्व्हर पडलाय." सर्व्हर पडला म्हणून कोशिंबीर वाळवायची होय? रागावत नाही मी, पण बोलल्याशिवाय राहवतही नाही.

आता त्याच सर्व्हरने मला लिहायला बसवलंय बघ. आपल्या मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक कधीचे मागे लागले होते, "इंदूअक्का, तुमच्या नोकरीचं लिहा." मी म्हणायची, माझ्या नोकरीत लिहिण्यासारखं काय, दिवसभर गुणाकार आणि भागाकार. पण त्या दिवशी फोन ठेवल्यावर तू म्हणालीस, "अज्जी, आमच्याकडे एकच हिशेब वेगवेगळ्या मशीनवर चालतो. एखादं बंद पडलं तर काही वाटत नाही, दुसरं सांभाळून घेतं. पण एखादं चालू राहून खोटं बोलायला लागलं ना, की कुणाला पत्ताच लागत नाही." तू जेवून निघून गेलीस आणि मी तिथंच खुर्चीत बसून राहिले. ते मीही भोगलंय गं. तेव्हा तुझी ही मशीनं जन्मली नव्हती. तेव्हा मशीन म्हणजे आम्ही बायका.

पन्नास सालानंतरची गोष्ट. गावाबाहेर विमानांच्या एका कारखान्यात आमची हिशेबाची खोली होती. मी मॅट्रिक. कॉलेजात गेला माझा अण्णा, थोरला भाऊ. तो ज्या दिवशी गणिताचं पुस्तक घरी विसरायचा त्या दिवशी माझं कॉलेज भरायचं. असं चोरून-चोरून शिकले आणि त्यावर नोकरी मिळाली. खोलीच्या मुख्य होत्या कमलाक्का. नऊवारी नाही, सहावारीच, पण ओचा असा खोचलेला की आत्ता कुस्तीला उतरतील. मुलाखत म्हणून त्यांनी मला यंत्रापुढे बसवलं आणि विचारलं, "चुकतेस का?" मी घाबरून म्हटलं, "नाही." त्या म्हणाल्या, "मग मला नको." मी गडबडीने म्हटलं, "कधीकधी चुकते." "सरी, ठीक आहे. उद्यापासून ये." खोलीत बोलणं सगळं कन्नडमध्ये चालायचं; इथं मी आपल्या भाषेत सांगते.

यंत्र म्हणजे शिवणयंत्राच्या डोक्याएवढा लोखंडी डबा. वरच्या खटक्यांवर आकडा लावायचा आणि बाजूचा दांडा फिरवायचा. पुढे फिरवला की बेरीज, उलटा फिरवला की वजाबाकी. गुणाकार म्हणजे पुन्हा पुन्हा फिरवणं. भागाकारात जास्त फिरवलं की टिंग करून घंटी वाजायची, मग एक फेरा मागे. खोलीभर असा खर्र-खर्र आवाज की नव्या पोरीला पहिल्या आठवड्यात घरी गेल्यावरही ऐकू यायचा.

विमानाच्या पंखाचा एक हिशेब एकटीने करायचा म्हटला तर महिने गेले असते. म्हणून कमलाक्का त्याचे तुकडे पाडायच्या. पापड लाटायला बसलेल्या बायका कशा असतात, एक पीठ कुटते, दुसरी लाट्या करते, तिसरी लाटते, तसं. पहिलीने आपला रकाना भरून दुसरीकडे द्यायचा, दुसरीने पुढे. आणि गंमत म्हणजे तोच सगळा हिशेब दोनदा व्हायचा. खिडकीकडच्या रांगेत एकदा आणि भिंतीकडच्या रांगेत एकदा. खिडकीकडच्या पोरीने भिंतीकडच्या कागदाकडे बघायचं नाही, आकडा बोलायचा नाही, बोटांवरही मोजायचं नाही. दुपारी कमलाक्का एका रांगेचे आकडे मोठ्याने वाचायच्या, दुसऱ्या रांगेचे कागद पुढ्यात घेऊन कुणीतरी खुणा करायचं. याला आम्ही मेळ म्हणायचो. मेळ बसला की कमलाक्का कागदावर निळी रेघ ओढायच्या. त्या रेघेच्या मागे पुन्हा जायचं नाही. कुणी आजारी पडली, कुणाला माहेरून बोलावणं आलं, तर तिच्या जागी बसणारीने निळ्या रेघेपासून पुढे सुरू करायचं. एकदा खिडकीकडच्या एका पोरीला भर दुपारी घेरी आली. तिला बाकावर निजवून पाणी मारेपर्यंत शेजारच्या दोघींनी तिचा रकाना वाटून घेतलासुद्धा. ती शुद्धीवर आली आणि रडायलाच लागली, "माझ्यावाचून अडलंच नाही!" कमलाक्का म्हणाल्या, "अडलं नाही म्हणून तर तुला घरी पाठवता येतंय. जा, कांजी पी."

आणि मेळ नाही बसला तर? तर मला बोलवायचं. खोलीत मी ‘तिसरी’ होते. माझं टेबल एका फळकुटाच्या आडोशाला, एकटं. दोन रांगांचे आकडे वेगळे आले की तेवढी एक पायरी माझ्याकडे यायची, पण दोघींना काय आलंय ते मला कुणी सांगायचं नाही. मी कोऱ्या मनाने करायचं. सांगितलं की संपलं. माणसाचा हात आपोआप त्या आकड्याकडे वळतो, कितीही सचोटीचा असो. म्हणून जेवणाच्या सुट्टीत मी नळावर डबा धुवायला गेले की सगळ्या एकदम गप्प. मला, मैत्रेयी, मला! जिचं तोंड झोपेतही चालू असतं असं तुझे आजोबा म्हणायचे, तिला कमलाक्कांनी शोधून-शोधून गप्प राहायच्या जागी बसवलं. मी एकदा तक्रार केली तर म्हणाल्या, "बडबडीला लोक सगळं सांगतात असं वाटतं ना? उलट आहे. बडबडीपुढे लोक सांभाळून बोलतात."

चुकून आकडा कानावर पडलाच तर मला ‘मैलिगे’ व्हायची, म्हणजे आपला विटाळ. एक तरुण इंजिनियर एकदा कागद घेऊन धावत आला, "अक्का, हे साडेतीनच्या आसपास येतंय का बघता?" मी यंत्रावरचे हात वर केले. "झाली मैलिगे. आता मी या हिशेबाला चालत नाही." तो बिचारा हादरला, त्याला वाटलं आपण काहीतरी भलतंच बोललो. मग कमलाक्कांनी स्वतः बसून ती पायरी केली. आयुष्यात तेवढा एकच विटाळ मी मनापासून पाळला.

गिऱ्हाईकंही एकेक यायची. आम्ही फक्त विमानाचंच नाही, धरणाचं, पुलाचंही करून द्यायचो. एक धरणवाले इंजिनियर उत्तर बघून म्हणाले, "स्वल्प कमी येणार नाही का?" आमची सरोजा फाटकन म्हणाली, "भेंडी आहे का साहेब, घासाघीस करायला?" कमलाक्कांनी तिला डोळ्यांनी दटावलं आणि तोंड फिरवून हसल्या.

आता सरोजाचं सांगायला हवं. खिडकीकडच्या रांगेत तिसऱ्या टेबलावर बसायची. आपल्यातलीच, मराठी घरातली. वडील अर्धांगाने अंथरुणावर, धाकटी भावंडं शाळेत, घरात मिळवती ही एकटी. गिऱ्हाइकापुढे जीभ चालायची, पण स्वतःच्या आकड्यावर तिचा विश्वास म्हणून नव्हता. बरोबर उत्तर आलं तरी शंकेने पुन्हा दांडा फिरवायची. तिच्या समोर, भिंतीकडच्या रांगेत, तिसऱ्याच टेबलावर लीला, अलसूरची. ती म्हणजे तडफदार. दांडा असा फिरवायची की टेबल हलायचं. दोघी एकच पायरी करायच्या, वेगवेगळ्या रांगांत, आणि बसमध्ये मात्र एकाच सीटवर बसून यायच्या.

आणि एक कॅप्टन उत्तय्या. नव्या विमानाची पहिली उड्डाणं करणारा वैमानिक. कूर्गचा, उंच, मिशी अशी की पंखासारखी दोन्हीकडे उचललेली. काही काम नसताना खोलीत डोकवायचा, कुणाच्या तरी डब्यातली कोडबळी, म्हणजे आपली कडबोळी, उचलायचा आणि म्हणायचा, "अक्का, माझा पंख नीट मोजा हं. मला त्याच्यावर बसायचंय, तुम्हाला नाही."

त्या वर्षी एक लहान विमान तयार होत होतं, शिकाऊ वैमानिकांसाठी. पंखाला वाळूच्या गोण्या लादून त्याची ताकद पाहता येते, ते झालं होतं. पण विमान वेगात गेलं की एका ठरावीक वेगाला पंख आपण होऊन थरथरायला लागतो. दोरीवरचं लुगडं वाऱ्यात कसं एकदम फडफडायला लागतं, तसं. आणि एकदा थरथर धरली की पंख निखळायला वेळ लागत नाही. हे गोण्यांनी कळत नाही. हे फक्त हिशेबाने कळतं, नाहीतर वर गेल्यावर. आम्ही जो आकडा देणार, त्याच्या अलीकडच्या वेगाला उत्तय्या थांबणार. एवढं साधं होतं ते. आकडा चुकून जास्त निघाला, तर तो माणूस आमच्या भरवशावर पुढे जाणार.

नेमके त्याच वेळी नवे साहेब आले. वाईट माणूस नव्हे, हे आधीच सांगते. शिस्तीचे. त्यांनी पाहिलं, हिशेबाला वेळ लागतो, कारण मेळ पुन्हा पुन्हा मोडतो. मग त्यांनी दाराशेजारी एक फळा लावला. ज्या आठवड्यात जिची चूक निघेल तिच्या नावापुढे तांबडी फुली. फुल्या फार झाल्या की यंत्रावरून उठवून फायलींच्या खोलीत. आत्तापर्यंत चूक खोलीची असायची, कुणाची नसायची. कमलाक्का फळ्याकडे पाठ करून बसायला लागल्या.

पहिल्याच आठवड्यात सरोजाच्या नावापुढे फुल्या आल्या. बाकीच्यांच्याही आल्या. आणि मग, काय सांगू, चुका थांबल्या. मेळ बसायला लागला. रोज. कमलाक्का वाचताहेत, समोरून खुणा होताहेत, निळ्या रेघांवर रेघा. साहेबांनी म्हैसूर पाक मागवून वाटला. "बघा, लक्ष दिलं की होतं!" पोरी मान खाली घालून म्हैसूर पाक खात होत्या.

मी मात्र रिकामी. आधी दिवसातून कितीदा तरी बोलावणं यायचं. आता कुणी बोलवेना. यंत्रावर धूळ बसू नये म्हणून मी उगाच दांडा फिरवायची. फावल्या वेळात दोन स्वेटर विणून झाले, बेंगळुरात त्या दिवसांत थंडी होती म्हणून बरं. लोक म्हणत, इंदूची मजा आहे. आणि मला काय होतंय तेच कळेना. एके दिवशी बसमधून जाताना सहज मनात आलं: माझ्या आईच्या हातून इतकी वर्षं सांबार होतंय, तरी कधी मीठ जास्त, कधी कमी. रोज अगदी एकसारखं सांबार आलं तर मी काय समजेन? समजेन की ते घरात होतच नाहीये, हॉटेलातून येतंय.

उतरले ती थेट कमलाक्कांकडे गेले. "अक्का, पोरी चुकेनाशा झाल्यात."

"मग?"

"मला भीती वाटते."

त्यांनी हातातली निळी पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाल्या, "मलाही. पण वाटण्यावर पंख थांबवता येत नाही. चल साहेबांकडे."

साहेब आधी हसले. "चुका कमी झाल्या ही तक्रार आहे?" कमलाक्का शांतपणे म्हणाल्या, "साहेब, भिंतीकडच्या रांगेला देण्याच्या सुरुवातीच्या कागदावर मी दोन-चार ठिकाणी मुद्दाम चुकीचे आकडे घालते. खिडकीकडच्या रांगेला बरोबर देते. मग मेळ मोडायलाच हवा. मोडला तर मी तुमची माफी मागेन आणि फळ्यावरच्या फुल्या स्वतः मारत जाईन." साहेबांचं हसू गेलं. ते हुशार होते, त्यांना लगेच समजलं. म्हणाले, "एकीच्याच रकान्यात घालू नका. वेगवेगळ्या टेबलांवर घाला. एकटी कुणी सापडायला नको." हे त्यांनी सुचवलं, आम्हाला सुचलं नव्हतं. म्हणून म्हणते, माणूस वाईट नव्हता.

दोन दिवसांनी मेळ. साहेब दाराशी हात मागे बांधून उभे. कमलाक्का वाचायला लागल्या. चुकीचा पहिला आकडा घातला होता ते टेबल आलं. समोरून, "बरोबर." दुसरं टेबल. "बरोबर." मुळात वेगळे आकडे दिलेत आणि उत्तर एकच येतंय! कमलाक्कांचा आवाज तिसऱ्या टेबलाशी थांबला. त्यांनी चष्मा काढला आणि पुसत बसल्या. पुसायला काही नव्हतं. यंत्रं बंद होती, तेव्हा बाहेरच्या रस्त्यावरून जाणारी बैलगाडी ऐकू आली.

"कुठं?" त्यांनी एवढंच विचारलं. "कोण" नाही विचारलं. "कुठं?"

लीलाच उभी राहिली. "नळावर, अक्का."

मेळाच्या आधी डबे धुताना मागच्या नळावर दोन्ही रांगा आपले आकडे ताडून बघत होत्या. वेगळे आले की जी जास्त ठामपणे बोलेल तिचं खरं. दुसरीने जागेवर जाऊन खोडून लिहायचं. म्हणजे फुली कुणालाच नाही. यात लबाडी म्हणून नव्हती गं. सरोजाची नोकरी जाऊ नये म्हणून लीलाने सुरुवात केली; मग एकीचं बघून दुसरीने. मायेपोटीच झालं सगळं. पण दोन रांगांची एकच रांग झाली आणि ते कुणाला दिसलं नाही. मला तर दिसणं शक्यच नव्हतं. मी नळावर गेले की त्या गप्प व्हायच्या, आणि मी समजायची, माझं सोवळं सांभाळताहेत!

साहेब फळ्यापाशी गेले. तिथं फडकं नव्हतं, तर खिशातला पांढरा रुमाल काढला आणि सगळी नावं, सगळ्या फुल्या पुसून टाकल्या. रुमाल तांबडा झाला. मग म्हणाले, "पंखाचा आकडा मी आठवड्यापूर्वी वर पाठवलाय. दसऱ्यानंतर उड्डाण आहे." त्यांचा चेहरा बघवत नव्हता. ते तसेच वरच्या ऑफिसात गेले आणि सांगून आले की आमचा आकडा धरू नका, चूक माझ्या व्यवस्थेची आहे. बोलणी खाल्ली असणार. आम्हाला कधी कळू दिलं नाही.

कमलाक्कांनी फळा लागण्यापूर्वीची शेवटची निळी रेघ शोधली. तिच्यापुढचे सगळे कागद बाजूला ठेवले. म्हणाल्या, "इथून पुन्हा. आणि ऐका. दोन रांगा कशासाठी आहेत? तुम्ही चुकणार म्हणून. तुम्ही चुकणार नसता तर मी एकच रांग ठेवली असती आणि निम्म्या जणींना घरी पाठवलं असतं. तुमच्या चुकांवर तुमची नोकरी चाललीये. त्या मला द्या, नळाला देऊ नका."

कामाला लागल्या सगळ्या. पण माझ्याशी कुणी बोलेना. आधीच्या गप्प बसण्यात माया होती, हे गप्प बसणं वेगळं होतं. सरोजा एकदा जवळून जाताना म्हणाली, "इंदू, मला आधी सांगायचं होतंस. साहेबांकडे नेलंस." मी म्हटलं, "मला नळाचं ठाऊकच नव्हतं गं." ती म्हणाली, "ठाऊक असतं तर?" मी पदराने यंत्र पुसायला लागले, कारण ठाऊक असतं तरी मी गेलेच असते. ते तिलाही कळलं.

आयुधपूजेच्या दिवशी खरं तर यंत्रांना हात लावायचा नाही. कमलाक्कांनी प्रत्येक यंत्राला हळद-कुंकू वाहिलं, दांड्याला शेवंतीची माळ बांधली, कोहळा फोडला आणि म्हणाल्या, "चामुंडेश्वरीला उत्तय्याची काळजी आपल्याहून जास्त आहे. फिरवा." माळा बांधलेले दांडे फिरायला लागले. शेवंतीच्या पाकळ्या हिशेबावर पडत होत्या, त्या फुंकायच्या आणि आकडा लिहायचा.

त्या दिवशीचा मेळ मोडला. मी आडोशामागे होते. कमलाक्का आल्या, एक पायरी पुढ्यात ठेवली, आणि गेल्या. किती दिवसांनी गं! कुणाची आहे, माहीत नाही. काय आलंय, माहीत नाही. दांडा फिरवला, घंटी वाजली, एक फेरा मागे घेतला. पुन्हा पडताळलं. कागद पालथा करून दिला.

कमलाक्कांनी तो वाचला आणि खिडकीकडच्या तिसऱ्या टेबलाकडे पाहिलं. "सरोजा, तुझं बरोबर आहे."

सरोजाने दांड्यावरची माळ सरळ केली. मग हळूच म्हणाली, "मला मागच्या वेळीही हेच आलं होतं, अक्का. नळावर खोडलं."

लीलाने तोंडावर हात ठेवला. ती ठाम होती आणि चुकली होती. ही बरोबर होती आणि गप्प बसली होती. दोघींतली एकही लबाड नव्हती. त्या एका खोडलेल्या आकड्यापासून पुढे सगळा हिशेब वाहत गेला होता, आणि शेवटी पंख थरथरण्याचा वेग खऱ्यापेक्षा जास्त निघाला होता. नवा आकडा कमी आला. बराच कमी. साहेब तो स्वतः घेऊन गेले.

पुढे दसरा झाला, आणि उड्डाणाचा दिवस आला. आम्हाला धावपट्टीवर सोडत नसत. खोलीच्या मागे कुंपणाशी सगळ्या उभ्या राहिलो. सकाळचं कोवळं ऊन, आणि ते लहानसं विमान वर गेलं. घारीएवढं दिसायला लागलं. सरळ उडत होतं तोवर ठीक, मग त्याने नाक खाली करून वेग धरला. आवाज बदलला. सरोजा माझ्यापासून लांब उभी होती. ती कुंपणाला धरत-धरत आली आणि माझा हात पकडला. नखं रुतली तरी मी काढून घेतला नाही. विमानाने नाक वर उचललं, वळसा घेतला, आणि आवाज पूर्वीसारखा झाला.

दुपारी उत्तय्या खोलीत आला. कोडबळी मागितली नाही. कमलाक्कांच्या टेबलाच्या कडेवर टेकला आणि म्हणाला, "तुम्ही सांगितलंत तिथपर्यंत गेलो. तिथं पोचायच्या जरासं आधी सुकाणूची स्टिक हातात बोलायला लागली. बारीक थरथर, हरभरा दाताखाली आल्यासारखी. मागे घेतलं." मग मिशीवरून हात फिरवला. "आधीचा आकडा माझ्या डोक्यात पक्का बसला होता. त्याच्या हिशेबाने अजून बरंच जायचं होतं."

त्याने विचारलं, "कुणी पकडलं?"

साहेब दाराशी उभे होते. कमलाक्का म्हणाल्या, "खोलीने."

तेव्हा सरोजा उठून उभी राहिली. जिला स्वतःच्या आकड्याची शंका यायची, ती सगळ्यांसमोर त्या उंच माणसाकडे बघून म्हणाली, "कॅप्टन, पुढच्या वेळी मी खोडणार नाही."

त्याला अर्थातच काही कळलं नाही. पण तो हसला नाही. उठला, टाचा जुळवल्या आणि तिला सॅल्यूट केला. सरोजाने घाईघाईने डब्यातली उरलेली कोडबळी त्याच्यापुढे केली.

त्यानंतर आमचे मेळ पहिल्यासारखे मोडायला लागले, आणि मला पहिल्यासारखं काम मिळायला लागलं. कुणी चुकलं की सरळ हात वर करायची, "अक्का, माझं बिघडलंय." लीला पुढे लग्न होऊन तिकडे तंजावरकडे गेली, पत्रं येईनाशी झाली. तिला कधीतरी सांगायचं राहून गेलं की तुझ्या मायेत काही वाईट नव्हतं. मग विजेवरची यंत्रं आली, आणि साठ सालानंतर कधीतरी एका खोलीएवढं मोठं यंत्र आलं. रांगा मोडल्या. आमच्यातल्या काही जणी त्या यंत्राच्या कामाला गेल्या, मी संसाराला. तक्रार नाही. मॅट्रिक झालेल्या मुलीला चुकण्याची परवानगी देऊन कामावर ठेवणारी बाई मला भेटली. एक साहेब भेटले ज्यांनी आपलाच फळा आपल्याच रुमालाने पुसला. एवढं कितीजणींच्या वाट्याला येतं? मी रोज दिवा लावताना दोघांची नावं घेते, साहेबांचं तेवढं इथं छापत नाही.

आणि सरोजा आहे अजून, मैत्रेयी. के. आर. पुरमला मुलाकडे असते. गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे. दिवाळीनंतरच्या रविवारी मुलगा तिला इथं आणून सोडणार आहे. तुझ्या त्या खोटं बोलणाऱ्या मशीनचं मी तिला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, "त्या पोरीला विचार, तिच्या हाताखालची माणसं तिला घाबरतात का?" मी म्हटलं, तूच विचार. तेव्हा तू ये. लवकर ये, जेवायलाच ये, तुझ्या हाताखालच्यांपैकी कुणाला आणलंस तरी चालेल. आम्ही दोघी वाट बघतोय.